वाचकांचे प्रश्न : ब्रशला रक्त लागतंय, मग ब्रश बंद करू का?

मागच्या अंकात म्हटलं होतं की दात-हिरड्यांबद्दल काहीही विचारा, तर तुम्ही खरंच काहीही विचारलंय. काहींनी तोंड उघडून काढलेले सेल्फी पण पाठवलेत, त्यांना एवढंच सांगते की फोनच्या फ्लॅशमध्ये चांगला दात किडका दिसतो आणि किडका चांगला, त्यामुळे फोटोवरून निदान माझ्याकडून होणार नाही. नावं कुणाचीच छापत नाहीये. सारखे प्रश्न होते तिथे एकच घेतलाय आणि रक्ताचा सगळ्यात आधी, कारण सर्वात जास्त पत्रं त्याचीच होती.

मी ३४ वर्षांची, नाशिकला असते. दोनेक महिन्यांपासून ब्रश करताना रक्त येतं, चूळ टाकली की बेसिनमध्ये गुलाबी. दुखत अजिबात नाही. खालच्या पुढच्या दातांत जास्त आहे म्हणून तिथे ब्रश लावणं बंद केलं, बोटाने मंजन लावते. शेजारच्या काकू म्हणतात व्हिटॅमिन सी कमी झालंय, लिंबू चोख. मेडिकलवाल्याने हिरड्यांना चोळायला औषध दिलंय. काय करू?

ताई, आधी ते लिंबू बाजूला ठेवा. लिंबातलं ॲसिड दातांचं इनॅमल, म्हणजे वरचा कडक थर, विरघळवतं, रोज चोखलंत तर रक्त राहील तसंच आणि वर दात शिवशिवायला लागतील. सी व्हिटॅमिन कमी पडून हिरड्यांतून रक्त येतं हे खोटं नाही, पण घरात रोज भाजी, कोशिंबीर, एखादं फळ होत असेल तर ते क्वचितच असतं.

तुमचं कारण बहुतेक खूप साधं आहे, तिथे प्लाक साचलाय. सकाळी उठल्यावर दाताच्या बुडाशी नख फिरवलं की नखात पांढरट चिकट काहीतरी येतं ना, तोच प्लाक, जंतूंचा थर असतो तो आणि रोज नव्याने तयार होतो. हिरडीच्या कडेला तो बसून राहिला की शरीर त्याच्याशी भांडायला तिथला रक्तपुरवठा वाढवतं, मग हिरडी लाल होते, फुगते आणि ब्रशचा केस लागला तरी रक्त येतं. म्हणजे ब्रशने रक्त काढलं नाही, मळाने काढलं. आणि तुम्ही नेमका तिथलाच ब्रश बंद केलात, म्हणजे मळ अजून वाढणार, रक्त अजून येणार आणि तुम्ही अजून घाबरून उरलेले दात पण सोडून देणार. या चक्रात अडकलेले पेशंट माझ्याकडे रोज येतात.

खालच्या पुढच्याच दातांत का, तर जिभेखाली लाळेच्या ग्रंथींची तोंडं त्यांच्या अगदी मागे उघडतात. लाळेतलं कॅल्शियम त्या मऊ थरात बसत जातं आणि काही दिवसांत तो कडक होतो, ते किटण. दातांच्या आतल्या बाजूला जीभ लावून बघा, खरखरीत लागतंय का. लागत असेल तर ते ब्रशने काय, कशानेच घरी निघणार नाही, ते डेंटिस्टकडे जाऊन काढून घ्यायचं. पण नवीन थर साचू न देणं तुमच्या हातात आहे.

ब्रश सॉफ्ट घ्या. हार्डने दात जास्त स्वच्छ होतात हा आपला लाडका गैरसमज आहे, पितळेची भांडी नाहीत ती घासायला. उजेडात आरशासमोर उभ्या राहा, ब्रश दातावर सरळ न धरता हिरडीकडे तिरका, साधारण ४५ अंशात धरा, म्हणजे अर्धे केस दातावर आणि अर्धे हिरडीच्या कडेवर येतील, आणि तिथल्या तिथे हलकं थरथरवा, आडवं खसाखसा ओढायचं नाही. दोन-तीन दात झाले की पुढे सरका. खालच्या पुढच्या दातांच्या आतून ब्रश उभा धरून टोकाच्या केसांनी. सगळं मिळून दोन मिनिटं, घड्याळ लावून बघा, बहुतेकांना वाटणारी दोन मिनिटं पाऊण मिनिटाची असतात. आणि सकाळी एकवेळ घाई झाली तर चालेल पण रात्री झोपताना ब्रश झालाच पाहिजे, झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना रान मोकळं मिळतं.

पहिले चार-पाच दिवस रक्त येईल, कदाचित जास्तच वाटेल, थांबायचं नाही. आठवड्या-दोन आठवड्यांत कमी होत गेलं तर तुमची हिरडी फक्त सुजली होती. कमी झालंच नाही, पू दिसला, दात हलतोय किंवा दोन दातांत नवीन फट दिसायला लागलीये असं असेल तर वाट बघू नका, आत हाड झिजायला सुरुवात झालेली असू शकते. हिरड्यांचा आजार फसवा आहे तो इथेच, तो दुखत नाही. दाढ किडली की ठणका लागतो आणि माणूस रात्री दोनला पण फोन करतो, हिरडी मात्र वर्षानुवर्षं शांतपणे हाड खात राहते. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये तर रक्तही कमी येतं, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, मग "माझ्या हिरड्या बघा कशा टणक" म्हणत ते निवांत असतात.

ते चोळायचं औषध लावल्यावर गार वाटेल, थोडं बरं पण वाटेल, पण मळ ते काढत नाही, त्यामुळे ब्रशच्या ऐवजी म्हणून त्याचा काही उपयोग नाही. गरोदर असाल तर हॉर्मोन्समुळे हिरड्या जास्तच फुगतात, तेव्हा दात साफ करून घ्यायला हरकत नसते, मधले तीन महिने सगळ्यात सोयीचे. आणि घरात कुणाला रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि हिरड्यांतून रक्त येत असेल तर गोळी मनाने बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांबद्दल सांगा.

वय ६१, सोलापूर. मुलाच्या आग्रहाने दात क्लीन करून घेतले आणि तेव्हापासून दात हलतात, मध्ये फटी पडल्या, गार पाणी लागतं. आधी माझे दात दगडासारखे घट्ट होते. मशीनने इनॅमल खरवडलं असणार. कुणी क्लीनिंग करू नये असं छापा.

काका, तुमचा राग समजतो पण तसं मी छापू शकत नाही. झालं काय असेल ते सांगते. तुमच्या दातांच्या मध्ये आणि मागे बऱ्याच वर्षांचं किटण साठलेलं, त्याची अखंड भिंतच झालेली असते आणि आत हाड गेल्यामुळे हलणारे दात त्या भिंतीने एकमेकांना बांधून ठेवलेले असतात. किटण काढलं की भिंत गेली, आणि दात आधीपासून किती सुटलेले होते ते उघडं पडलं. फटी पण तिथे आधीच होत्या, फक्त भरलेल्या होत्या. स्केलिंगचं मशीन टोकाच्या कंपनाने किटण फोडतं आणि सोबत पाणी मारत राहतं, नीट वापरलं तर इनॅमल खरवडत नाही.

गार लागतंय ते हिरडी उतरल्याने उघड्या पडलेल्या मुळांमुळे. सेन्सिटिव्हिटीची पेस्ट मिळते ती दोन-तीन आठवडे सलग वापरा, रात्री ब्रश झाल्यावर बोटाने थोडी त्या जागी लावून तशीच ठेवली तरी चालते. पण तेवढ्यावर थांबू नका, हिरड्यांच्या आत खोलवर सफाई लागेल का ते विचारायला त्याच डॉक्टरांकडे जा, नाहीतर दुसऱ्यांकडे जा, पण जा. माझी तक्रार असेल तर एवढीच की स्केलिंगच्या आधी हे सगळं तुम्हाला सांगायला हवं होतं. आमच्यातले कितीतरी जण ते सांगत नाहीत आणि मग पेशंट चिडून गावभर सांगतो.

सासूबाई ५८ वर्षांच्या, आमचं गाव सातारा जिल्ह्यात. उठल्यावर, जेवण झाल्यावर, दुपारी आणि झोपताना मिश्री लागतेच. म्हणतात हिने दात घट्ट राहतात आणि लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. आता थोरल्या जाऊबाई पण दाढ दुखते म्हणून लावायला लागल्यात. मी काही बोलले की "तुम्ही शिकलेल्या बाई" असं ऐकावं लागतं. कसं सांगू?

या पत्रासाठी जरा जास्त जागा घेते.

माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायांच्या तर्जनीचं टोक काळपट असतं. खालच्या पुढच्या दातांची हिरडी खाली सरकलेली, पिवळी मुळं उघडी पडलेली, दातांच्या बुडाला काळी कड. विचारलं, मावशी तंबाखू खाता का, तर "नाही गं बाई, आपण नाही खात." मग विचारायचं, मिश्री लावता का, तर "व्हय, लावती की." कारण तंबाखू खाणं हे व्यसन आणि मिश्री म्हणजे दात घासणं, असा हिशोब डोक्यात पक्का बसलाय. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची, हे आईने केलं, आजीने केलं. भाजल्याने त्यातलं निकोटिन काही पळून जात नाही. दात घासणं दोन मिनिटांत होतं, मिश्री मात्र लावून पंधरा-वीस मिनिटं उंबऱ्यावर बसलं जातं, दिवसातून चार वेळा, आणि दात काही चार वेळा घासायचे नसतात, यातच सगळं आलं.

पोटाचं म्हणाल तर सासूबाई खोटं बोलत नाहीयेत. निकोटिनने आतड्यांची हालचाल वाढते आणि इतक्या वर्षांत पोटाला तीच सवय लागलीये. मिश्री सोडली की काही दिवस बद्धकोष्ठ होणार, डोकं दुखणार, चिडचिड होणार, आणि तेव्हाच "बघ, मी म्हणत नव्हते" म्हणून पुन्हा डबी उघडली जाते. म्हणून हे आधीच सांगून ठेवायचं, सकाळी कोमट पाणी, पालेभाजी, रात्री इसबगोल, थोडं चालणं, आणि हे दिवस जातात हे पण सांगायचं.

दात घट्ट राहण्याचं मात्र साफ उलटं आहे. मिश्रीने हिरडी उतरते, मुळं झिजतात. आणि नुसत्या दातांचं असतं तर एवढं लिहिलं नसतं. चघळायची, लावायची, नाकात ओढायची, कुठलीही तंबाखू घ्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने बिनधुराच्या तंबाखूला माणसात कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय. केंद्र सरकारने १९९२ मध्येच टूथपेस्ट आणि मंजनात तंबाखू घालायला बंदी केली, पण घरच्या तव्यावर भाजलेल्याला कोण बंदी करणार.

आता बोलायचं कसं. सुरुवात सासूबाईंपासून करू नका, जाऊबाईंपासून करा. त्यांची सवय नवी आहे आणि कारण समोर आहे, दाढ. मिश्रीने दाढेचं दुखणं दबतं, कीड आत चालूच राहते. त्यांना डेंटिस्टकडे न्या, रूट कॅनल होईल नाहीतर दाढ काढावी लागेल, पण दुखणं गेलं की मिश्रीचं निमित्तच गेलं. घरातल्या तरण्या पोरी-सुना अशाच दाढदुखीतून मिश्रीला लागतात आणि मग दिवस गेले तरी सुटत नाही, बाळ कमी वजनाचं होतं. सासूबाईंना कॅन्सरची भीती घालून उपयोग नाही, त्या म्हणतील माझी आई ऐंशी वर्षं जगली. त्यांना म्हणा, दुपारची एक वेळ सोडून बघा, तेवढीच. ती जमली की झोपतानाची. सरकारी तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००११२३५६ मोफत आहे, जिल्हा रुग्णालयात पण विचारा. आणि महिन्यातून एकदा उन्हात बसवून ओठ खाली ओढून, गाल बाजूला करून आत बघा. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा दोन आठवडे झाले तरी न भरलेली जखम दिसली तर त्याच आठवड्यात दाखवायचं, दुखत नसली तरी.

मुलगी साडेसहा वर्षांची, ठाणे. सगळ्यात मागच्या दाढेवर काळी रेघ दिसते. दुधाची दाढ आहे, पडणारच आहे तर खर्च करावा का?

थांबा, ती दुधाची नसणार. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवीन दाढ येते, तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही म्हणून आईबापांना ती आल्याचं कळतच नाही. ही कायमची पहिली दाढ, आयुष्यभर चावायचं काम हिचंच, आणि महाराष्ट्रात सगळ्यात जास्त दुर्लक्ष पण हिच्याचकडे होतं असं माझं मत आहे. लगेच दाखवा. कीड वरवर असेल तर सिमेंट भरून भागेल, नुसत्या खोल खाचा असतील तर त्या बुजवून टाकतात, त्याला सीलंट म्हणतात, इंजेक्शन वगैरे काही लागत नाही.

आणि दुधाच्या दाढा पण पडतील म्हणून सोडायच्या नसतात, मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात, लवकर काढल्या तर शेजारचे दात सरकून खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा बंद करतात. सात-आठ वर्षांची होईपर्यंत रात्रीचा ब्रश तुम्ही करून द्या. पेस्ट फ्लोराइडची, तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी आणि नंतर वाटाण्याएवढी, जाहिरातीत दाखवतात तशी लांबलचक नाही. गोड बंद करा असं मी म्हणणार नाही कारण ते होत नाही, पण जेवणासोबत द्या. गोड खाल्लं की जंतू ॲसिड बनवतात आणि लाळेला ते निवळायला अर्धा-पाऊण तास लागतो, आता एक चॉकलेट, तासाने बिस्कीट, मग सरबत असं चाललं तर दाताला उसंतच मिळत नाही. झोपताना दुधाची बाटली तोंडात असलेलं धाकटं कुणी घरात असेल तर ती सवय आजच मोडायला घ्या.

वरची दाढ काढली तर नजर जाते का? आई ६५ वर्षांची, ऐकतच नाही.

नाही जात. डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी. ज्या वयात दाढा काढायची वेळ येते त्याच वयात मोतीबिंदू होतो, म्हणून लोकांनी नातं जुळवलं. किडलेली दाढ ठेवून पू वर चढला तर मात्र डोळ्याखाली सूज येते, तेव्हा आईंना उलटं सांगा, डोळ्यासाठीच काढून घ्या.

मी ५२, शारजाला नोकरीला. शुगर दहा वर्षं आहे. औषध वाढवलं तरी तीन महिन्यांचा रिपोर्ट खाली येत नाही. हिरड्या सुजतात, तोंडाला वास येतो. याचा त्याचा संबंध आहे का?

आहे, आणि दोन्ही बाजूंनी आहे. शुगर जास्त असली की हिरड्यांचा आजार वेगाने वाढतो हे लोकांना माहीत असतं, पण हिरड्यांत कायम सूज राहिली तर शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही आणि शुगर हटत नाही, ही दुसरी बाजू डॉक्टर लोक पण कधीकधी विसरतात. हिरड्यांचे उपचार झाल्यावर एचबीएवनसी, म्हणजे तुमचा तो तीन महिन्यांचा रिपोर्ट, थोडं खाली येतं असं दिसून आलंय, थोडंच, त्याच्या भरवशावर गोळी सोडायची नाही. तिकडे दातांचा खर्च परवडत नाही म्हणून सुट्टीत गावी येऊन एकदम सगळं करू असा तुमच्याकडच्या बहुतेकांचा बेत असतो, पण तुम्ही हिरड्यांची सफाई तरी तिथेच करून घ्या. जाताना नाश्ता आणि गोळी दोन्ही घेऊन सकाळची वेळ घ्या, उपाशी जाऊ नका. वासासाठी माउथवॉशवर पैसे घालण्याआधी जीभ साफ करा, आणि दातांच्या मधल्या फटींत घालायचे बारीक ब्रश मिळतात ते आणा.

यवतमाळ जिल्हा. मुलाच्या समोरच्या दातांवर तपकिरी डाग आहेत, कितीही घासले तरी जात नाहीत. शाळेत पोरं चिडवतात. गावात बऱ्याच मुलांना आहेत.

घासून जाणार नाहीत कारण तो मळ नाही, डाग दात तयार होतानाच आत बसलेत. गावात अनेकांना आहेत म्हणताय म्हणजे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असण्याची शक्यता मोठी आहे, यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या पट्ट्यात हा जुना प्रश्न आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर ते पिण्यात नको. पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या, ग्रामपंचायतीला सोबत घेऊन दिलात तर बरं. उकळून काही होत नाही, उलट पाणी आटतं आणि फ्लोराइड तेवढंच राहतं. आरओने निघतं, नाहीतर उथळ विहिरीचं किंवा नळयोजनेचं पाणी पिण्या-स्वयंपाकासाठी वापरा. आठेक वर्षांपर्यंत समोरचे दात आत घडत असतात, म्हणून घरात लहान मूल असेल तर घाई करा. मोठ्याचे डाग डेंटिस्टकडे फिके करता येतात किंवा वर दाताच्या रंगाचा थर चढवता येतो. लिंबू-सोडा लावणं आधी बंद करा, लावत असणार तुम्ही, सगळेच लावतात.

वय २४. जेवताना तिखट खूप झोंबतं आणि तोंड आधीसारखं उघडत नाही. मित्रांसोबत कधीतरी पुडी होते.

कधीतरी म्हणजे किती ते तुम्हाला माहीत. आरशासमोर उभे राहा आणि स्वतःची तीन बोटं उभी, एकावर एक धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर सुपारीने गालाच्या आतली कातडी आखडायला लागलीये, आणि हे फक्त तंबाखूने होतं असं नाही, गोड सुगंधी सुपारीने पण होतं. २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली तर मसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत मिळायला लागली, काम तेच. आखडलेलं पूर्ण पहिल्यासारखं होत नाही, पण आज थांबलात तर तिथेच रोखता येतं आणि व्यायाम, औषधांनी थोडं मोकळं होतं. पुढे यातूनच कॅन्सर होऊ शकतो. हे पत्र वाचून झालं की खिशातली पुडी टाका आणि सरकारी डेंटल कॉलेज जवळ असेल तर तिथे जा, असे पेशंट तिथे रोज बघतात.

कबड्डीत मुलाचा समोरचा अख्खा दात मुळासकट पडला. रुमालात गुंडाळून दुसऱ्या दिवशी नेला तर डॉक्टर म्हणाले उशीर झाला. काय करायला हवं होतं?

दात कायमचा होता असं धरते, दुधाचा पडला तर परत बसवत नाहीत. वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मुळाला हात लावायचा नाही, घासायचा नाही, कारण मुळावरच्या जिवंत पेशींवरच तो पुन्हा धरणार असतो आणि रुमालात सुकून त्याच मरतात. माती लागली असेल तर गार दुधाने नाहीतर पाण्याने दहा सेकंद हलकेच धुवायचा. मुलगा शांत असेल आणि तुमचा धीर होत असेल तर दात त्याच खाचेत हळूच बसवून स्वच्छ रुमाल चावायला द्यायचा. नाही जमलं तर एक छोटी दुधाची पिशवी घ्यायची, उकळलेलं गरम दूध नको, त्यात दात टाकायचा आणि अर्ध्या तासात डेंटिस्टकडे, फार तर तासाभरात. शाळेच्या खेळाच्या सरांना हे कात्रण नेऊन द्या, मैदानावर ते आधी पोचतात.